भिंतीवरचे चोवीस कुत्रे

पेणच्या बाजारपेठेमागे जनावरांचा एक दवाखाना आहे. तिथे औषधांच्या कपाटाशेजारी, खालच्या कोपऱ्यात बुरशीचे दोन ठिपके पडलेला एक पिवळट तक्ता टांगलेला दिसेल. मित्रांनो, तो मी. माझ्या माथ्यावर लाल अक्षरांत 'कुत्र्यांच्या जाती' असे छापले आहे. अंगावर चोवीस चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत एक कुत्रा. चित्राखाली तीन ओळी: मूळ देश, उपयोग, भुंकणे. एवढीच माझी विद्या. ती अपुरी आहे हे कळायला मला बरीच वर्षे लागली. कसे कळले, ते सांगतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका छापखान्यात झाला. आधी पिवळा रंग चढला, मग लाल, मग निळा आणि सगळ्यांत शेवटी काळा. काळा चढेपर्यंत माझ्या एकाही कुत्र्याला डोळे नव्हते. वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या बसल्या, टांगायला सुतळी आली आणि मी तयार झालो. माझ्या चित्रकाराने मेहनत घेतली होती. केसाळ कुत्र्यांचा केस न् केस त्याने काढला होता. मात्र प्रत्येक कुत्रा त्याने चौकट पुरती भरेल एवढा काढला. कागद वाया जाऊ नये, चित्र लांबून दिसावे, एवढाच त्याचा हेतू. त्यामुळे माझ्या अंगावर ग्रेट डेन आणि पामेरियन एकाच उंचीचे आहेत. त्या वेळी मला यात काहीच वावगे वाटले नाही. मी तरी खरे कुत्रे कुठे पाहिले होते?

पुढची चार वर्षे मी पेणमधल्या एका स्टेशनरीच्या दुकानात गुंडाळलेला पडून होतो. डाव्या बाजूला 'मानवी सांगाडा', उजव्या बाजूला 'रहदारीची चिन्हे'. शाळेत प्रकल्प निघाला की मुले सांगाडा घेऊन जात. कुत्र्यांवर प्रकल्प कोणत्याच इयत्तेला नव्हता.

मग एके दिवशी डॉक्टर सुरभी म्हात्रे दुकानात आल्या. त्यांचा दवाखाना नुकताच सुरू झाला होता आणि भिंती मोकळ्या होत्या. त्यांनी मला उलगडले, पहिल्या चौकटीपासून चोविसाव्या चौकटीपर्यंत सावकाश वाचले आणि विकत घेतले. बाई फार बोलत नसत. माणसांशी तर कमीच. पण एखाद्या जनावराने काही वेगळे केले की त्या थांबून बघत, मग वहीत दोन ओळी लिहीत. त्यांच्या हाताखाली पुंडलिक होता. तो पन्नाशीचा. बाई जेवढे बोलत नसत तेवढे सगळे तो बोलून घेई.

ते माझे मानाचे दिवस होते. लोक माझ्यासमोर उभे राहून बोट ठेवत. "हा घेऊ का तो?" अशी चर्चा चाले. समोरच्या गणपतींच्या कारखान्यातले कारागीरसुद्धा हातावरची माती पुसत येऊन बघून जात.

नागोठण्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा नितेश नावाचा तरुण तेव्हा आला. रात्रपाळीला बायको घरी एकटी असते म्हणून त्याला राखणीचा कुत्रा हवा होता. त्याने माझ्या नवव्या चौकटीवर बोट ठेवले. काळा-तांबूस, ताठ कानांचा, रुबाबदार डोबरमन. त्याने चौकटीचा फोटो काढला आणि तो दाखवून कुठून तरी पिल्लू आणले. अगदी चित्रासारखे. त्याचे नाव ठेवले टायगर.

वर्ष उलटल्यावर नितेश टायगरला घेऊन आला. काट्यावर ठेवले तेव्हा वजन साडेचार किलो भरले.

"डॉक्टर, ह्याला कायतरी टॉनिक द्या. खातो बरोबर, पण वाढतच नाय."

बाईंनी टायगरचा ओठ वर करून दात पाहिले. "सगळे पक्के दात आलेत, नितेश. याची वाढ पूर्ण झाली."

"पूर्ण? डोबरमन एवढाच असतो?"

"हा डोबरमन नाही. मिनिएचर पिन्शर आहे. रंग तसाच, कान तसेच, पण जात निराळी."

नितेश तडक माझ्यासमोर आला. नववी चौकट, दहावी चौकट. पुन्हा नववी. "अवो, पण इथं तर दोघं सारखेच हायत!"

"खिशातला डोबरमन आणलास रे," पुंडलिक म्हणाला. "आणि नाव काय, तर टायगर!"

"हसा काका, तुम्ही पण हसा. कॉलनीतली पोरं रोज विचारतात, ह्याचा मोठा भाऊ गावाहून कधी येणार म्हणून."

मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असते तर मी माफी मागितली असती. माझ्या अंगावरचे एकही अक्षर खोटे नव्हते आणि तरीही मी एका माणसाला फसवले होते.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर बाईंनी टेप घेऊन स्वतःचा गुडघा जमिनीपासून मोजला. सत्तेचाळीस सेंटीमीटर. मग पुस्तकातून एकेका जातीची उंची काढली, माझ्या चित्रांची उंची मोजली, वहीत गुणाकार-भागाकार केले आणि पट्टी धरून प्रत्येक चौकटीत एक आडवी लाल रेघ ओढली. तो कुत्रा शेजारी उभा राहिला तर माणसाचा गुडघा कुठे येईल, ते त्या रेघेने कळे. ग्रेट डेनच्या चौकटीत रेघ छातीच्या खालच्या कडेला आली. डोबरमनच्या चौकटीत ती पोटाच्या मधोमध आली. मिनिएचर पिन्शरच्या चौकटीत कानांच्याही वर, पार काठाला. पामेरियनच्या चौकटीत ती मावेनाच. तिथे बाईंनी नुसता वर जाणारा बाण काढला. त्या रेघांनी माझा चेहरा थोडा बिघडला, पण मला पहिल्यांदाच आपण खरे बोलतो आहोत असे वाटले.

नितेशने टायगरला ठेवून घेतले. एव्हाना त्याचा जीव जडला होता.

पुढे लोक सगळे काही फोनवरच शोधू लागले. कुत्र्याची जात विचारायला कोणी भिंतीकडे वळेना. पावसाळ्यात माझ्या कोपऱ्याला बुरशी धरली, पाठीमागे पालीने अंडी घातली. पुंडलिक दोनदा म्हणाला, "बाई, तक्ता काढून कॅलेंडर लावू का?" बाई म्हणाल्या, "असू दे." तेवढ्यावर मी टिकलो.

आणि मग गेल्या वर्षीचा ऑगस्ट आला.

नितेश पुन्हा आला. आता टायगर सहा वर्षांचा झाला होता आणि नितेशला मुलगी झाली होती. टायगर बारीकसारीक आवाजाला भुंके. शेजारी रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. कॉलनीने दोनदा लेखी तक्रार केली होती.

"पंधरा दिवस ठेवा डॉक्टर," तो टायगरकडे न बघता म्हणाला. "चांगलं घर मिळालं तर द्या. नायतर... नायतर मी परत नेतो, मग बघू काय ते."

त्याच आठवड्यात रोह्याहून सकाळची गाडी पकडून आमनाचाची आली. पासष्टीची, ताठ कण्याची. तिच्या अडलेल्या शेळीला बाईंनी दोन वर्षांपूर्वी सोडवले होते, तेव्हापासूनची ओळख. रोह्याजवळच्या गावात तिचे घर, मागे वाडी, सहा शेळ्या. नवरा जाऊन पाच वर्षे झालेली, मुलगा तमीम कुवेतला. आणि चाचीला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. कानात घालायचे यंत्र होते, पण घाम लागला की ते शीळ घाली. ते ती लग्नाकार्यालाच घालत असे. एरवी समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणे समजून घेई.

"डाक्टरबाई, मला कुत्रा पायजे," ती बाकावर बसत म्हणाली. "पण भुंकणारा नको. म्हंजे भुंकला तरी चालंल, पण त्याचा मला काय उपेग नाय."

बाई समोर येऊन बसल्या, ओठ दिसतील अशा. "काय झालं चाची?"

मग कळले. जूनमध्ये भरदिवसा कोणीतरी मागच्या दाराने येऊन शेळीचे करडू उचलून नेले. चाची दहा हातांवर पाठमोरी तांदूळ निवडत होती. करडू ओरडले, शेळी ओरडली, हिला काही कळले नाही. त्यानंतर एकदा तमीमने एकोणीस वेळा फोन केला. घाबरून त्याने शेजारच्या जनीला घरी धाडले. चाची वाडीत पालापाचोळा गोळा करत होती.

"आता म्हनतो, डिसेंबरात येतो आनि घराला कुलूप लावतो. शेळ्या इकायच्या. मी तळोज्याला त्याच्या मावसभावाच्या बिल्डिंगीत ऱ्हायचं, चवथ्या माळ्यावर." तिने हातातली पिशवी बाकावर ठेवली. "तिथं मी दिवसभर काय बघू गो? समोरच्या बिल्डिंगीतले वाळत घातलेले कपडे?"

"म्हणजे कोणी आलं तर तुम्हाला कळवेल, असा कुत्रा."

"व्हय. आनि मला न शिवता कळवील, असा. आमच्यात राखणीला कुत्रा ठेवायला मनाई नाय. पण त्याचं ओलं तोंड, ओलं अंग लागलं तर सात येळा धुवायचं, त्यात एकदा मातीच्या पान्यानं. सुक्याला सुकं लागलं तर काय नाय. पर आपल्याकडं चार मयने सुकं ऱ्हातंय काय?"

मित्रांनो, माझ्यासमोर आजवर शेकडो माणसे उभी राहिली होती. कोणता कुत्रा रुबाबदार, कोणता चावरा, कोणता महाग, असे सगळे त्यांनी विचारले होते. पण भिजल्यावर कोणता कुत्रा लवकर वाळतो, हे कोणी विचारले नव्हते. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी वही उघडली.

चाचीने तमीमला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि फोन बाईंच्या हाती ठेवला. तमीमने मला फोनमधून पाहिले. तो गडी घाईत होता.

"मॅडम, तो तिसऱ्या नंबरचा द्या, केसाळ. प्रेमळ दिसतो. अम्माच्या पायाशी बसेल."

"तो सेंट बर्नार्ड आहे. ती लाल रेघ दिसते का?"

"हां, डिझाइन आहे ना?"

"तो तुमचा गुडघा आहे. त्याचं वजन सत्तर किलो भरतं. आणि चोवीस जातींत सर्वांत जास्त लाळ त्याचीच."

"सत्तर किलो तर अम्मापण नाय," तमीम म्हणाला. "बघा मग तुम्हीच. पण खरं सांगू? माझा काय विश्वास नाय ह्या कुत्र्यावर-बित्र्यावर. डिसेंबरची तिकिटं काढलीत मी."

त्यानंतरचे दहा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. बाईंनी माझ्या उजव्या समासात तीन नवे रकाने आखले: वाळायला लागणारा वेळ, लाळ, माणसाच्या तोंडाकडे बघतो का. दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांची परवानगी घेऊन बाई प्रत्येक कुत्र्याच्या वजनाच्या प्रमाणात पाणी त्याच्या पाठीवर ओतत, पंख्याखाली उभा करत आणि दर पाच मिनिटांनी पाठीवर टिश्यू पेपर दाबून ओल बघत. कागद कोरडा निघाला की वेळ लिहीत.

"लोक कुत्रं बरं करायला आणतात," पुंडलिक म्हणाला, "आणि आमच्या बाई त्याला वाळत घालतात."

पामेरियनला अडीच तास लागले. लॅब्राडोरला दीड तास. त्याच्या वरच्या केसांखाली मऊ केसांचा आणखी एक थर असतो, ओल तिथे दडून बसते. बीगलला पन्नास मिनिटे. टायगरला वीस. दोनदा मोजले तरी वीसच.

तिसऱ्या रकान्यासाठी बाईंनी एक डबा घेतला, त्याला भोके पाडली आणि आत मूठभर सुकट घातली. पहिल्या दोन वेळा झाकण सैल. कुत्रा ते पाडून सुकट खाई. तिसऱ्या वेळी झाकण गच्च. आता कुत्रा काय करतो? डब्याशी झटत राहतो, नाद सोडतो, की मान वळवून माणसाकडे बघतो? दोन मिनिटांत तो किती वेळा माणसाच्या तोंडाकडे बघतो ते मोजायचे. चाची रोह्याहून मुद्दाम आली होती. ती भिंतीशी स्टुलावर बसली.

बीगलने डबा नाकाने ढकलत कपाटाखाली नेला आणि तिथेच उकरत बसला. एका घरातले, एकाच विणीचे दोन लॅब्राडोर आले. एकाने नऊ वेळा वर पाहिले, दुसऱ्याने एकदाही नाही. मी चकित झालो. दोघेही माझ्या एकाच चौकटीतले, सख्खे भाऊ, आणि एवढा फरक! म्हणजे चौकट सांगते ते त्या कुत्र्याबद्दल नसतेच की काय? बाईंनाही तोच प्रश्न पडला असावा. त्यांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

मग पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला एक देखणा डाल्मेशियन आला. तो चाचीला फार आवडला. बाईंनी त्याच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा वाजवला. त्याने कानही हलवला नाही.

"या जातीत काही पिल्लं जन्मतःच बहिरी असतात," बाई म्हणाल्या. "हा त्यातला आहे."

चाची मनापासून हसली. "नको गो बाय. एका घरात दोन बहिरे झाले तर चोर चाय करून पिऊन जाईल."

शेवटी टायगरची पाळी. वाळण्यात तो पहिला आला होता, तरी चाचीसाठी त्याचा कोणी विचारच केला नव्हता. तो केवळ पिंजऱ्यात होता म्हणून त्याला बाहेर काढले. झाकण गच्च आहे हे कळताच तो डब्यावर भुंकला. चारही पाय उचलून भुंकला. पुंडलिकने कानांवर हात ठेवले. मग टायगर गर्रकन वळला आणि थेट चाचीच्या तोंडाकडे बघू लागला. डब्याकडे, चाचीकडे. डब्याकडे, चाचीकडे. दोन मिनिटांत चौतीस वेळा.

"ह्यो बघा," चाची हळूच म्हणाली. "ह्यो माज्याशी बोलतोय."

"बोलतोय कसला, केव्हाचा बोंबलतोय!" पुंडलिक ओठ मोठे करून म्हणाला.

"बोंबलतोय? मला कुठं ऐकू येतंय!"

दवाखान्यात सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्या दहाव्या चौकटीकडे बघत होत्या. तिथे छापले होते, 'भुंकणे: फार जास्त.' याच एका ओळीपायी टायगरचे घर सुटले होते.

पुंडलिकला पटेना. "चाची, एवढासा जीव. ह्याला बघून चोर पळेल का?"

"चोराला पळवायला मी हाय. माज्याकडं कोयती हाय. मला फक्त कळाया पायजे."

बाईंनी घाई केली नाही. "महिनाभर नेऊन बघा," त्या म्हणाल्या. "जमलं नाही तर माझ्याकडे आणा. तुमची चूक नाही, त्याची नाही."

बाईंनी नितेशला फोन करून हे सांगितले. मग त्याने एवढेच विचारले, "तिथं त्याला भुंकू देतील ना?"

पहिला पंधरवडा वाईट गेला. चाची आली ती निराश होऊन. टायगर फाटकापाशी जाऊन भुंके आणि तिथेच उभा राही. कॉलनीतली सवय. चाचीपर्यंत निरोप येतच नव्हता. "जनी तासभर फाटकाशी हुबी होती. तो तिकडं नाचतोय, मी हिकडं भाकऱ्या भाजतेय."

बाई वहीवर पेन्सिल टेकवून बसून राहिल्या. मग त्यांनी विचारले, "तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर काय आहे? फरशी?"

"शेणाची जमीन. पडवी."

"तिथे एक लाकडी फळी ठेवा. एक टोक बाहेर, एक टोक तुमच्या पायाखाली. तो बाहेरच्या टोकावर उडी मारेल तर तुमच्या तळव्याला कळेल. त्याला घरात यायला नको, तुम्हाला शिवायला नको. आणि सुकट फाटकाशी द्यायची नाही. फळीवर आला आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं, तरच."

त्या दिवसापासून जनी रोज संध्याकाळी फाटकाची कडी वाजवायला येऊ लागली. बारा दिवसांनी बाईंच्या फोनवर जनीने पाठवलेला व्हिडिओ आला. बाईंनी तो पुंडलिकला दाखवला, त्यामुळे मलाही दिसला. कडी वाजली. टायगर फाटकाकडे धावला, एकदा भुंकला, तसाच मागे फिरून फळीवर चढला आणि थाड थाड नाचू लागला. आत भाकरी थापणाऱ्या चाचीने मान वर केली. टायगरने तिच्याकडे बघितले, मग फाटकाकडे. चाची हात पुसत उठली.

पुंडलिकने तो व्हिडिओ पाच वेळा बघितला. शेवटी म्हणाला, "बाई, ह्या फळीला पण तक्त्यावर एक चौकट द्या."

परतीच्या पावसात टायगर दोनदा भिजल्या अंगाने चाचीच्या लुगड्याला घासला. तिने नळाशेजारच्या डब्यातली स्वच्छ माती घेतली, सात वेळा मोजून धुतले आणि पुढच्या कामाला लागली. टायगरवर ती रागावली नाही. "त्याला काय ठाव, कुठं शिवायचं आनि कुठं नाय," एवढेच ती बाईंना म्हणाली.

डिसेंबरात तमीम आला. न कळवता, एक दिवस आधी. मुद्दामच. दोन दिवसांनी टायगरला लस टोचायला तो आईबरोबर दवाखान्यात आला. लस टोचून झाली. चाची माझ्यासमोर उभी राहून समासातले आकडे बोटाने वाचू लागली. टायगर तिच्या पायांपासून हातभर अंतरावर पोत्याच्या तुकड्यावर बसला होता. तमीम तिच्या मागे, टेबलाशी, बाईंशी बोलत होता.

"फाटकावर उभा राहिलो, मॅडम. फोन केला नाय, हाक मारली नाय. नुसती कडी वाजवली. अम्मा कोयती घेऊन बाहेर आली." तो क्षणभर हसला, पण पुन्हा गंभीर झाला. "पण हे एकदा झालं. तिथं रात्री झोप लागत नाय मला. साडेचार किलोच्या जनावरावर घर सोपवून परत जाऊ? शेळ्यांचं गिऱ्हाईक उद्या सकाळी येतंय. अम्माला अजून सांगितलं नाय. आज सांगतो."

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला खात्री देऊ शकत नाही. मी जे मोजलं ते तक्त्यावर आहे. जे मोजता येत नाही ते मला माहीत नाही."

तमीमने मान हलवली. मग वळून तो आईच्या पाठीकडे बघत म्हणाला, "अम्मा."

चाची वाचतच राहिली.

"अम्मा, ऐक जरा."

त्याने तिच्या खांद्याला हात लावायला हात पुढे केला. तेवढ्यात टायगर उठला. त्याने तमीमच्या तोंडाकडे पाहिले. तो भुंकला नाही. पोते सोडून तो चाचीला वळसा घालून तिच्या समोर आला, माझ्या आणि तिच्या मध्ये उभा राहिला आणि मान वर करून तिच्याकडे बघू लागला. मग तिच्या पलीकडे, तमीमकडे. पुन्हा तिच्याकडे. इथे फळी नव्हती, सुकट नव्हती आणि कोणी कडीही वाजवली नव्हती.

चाची वळली. "काय रं तमीम? बोलावलंस?"

तमीमचा हात तसाच हवेत राहिला होता. तमीमने हात खाली घेतला, खिशातून फोन काढला आणि कोणाला तरी लावला.

"हां, तमीम बोलतोय. उद्या येऊ नको भाऊ. शेळ्या विकायच्या नायत." फोन ठेवून तो आईसमोर गेला, तिला ओठ दिसतील असा उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "काय नाय अम्मा. करडांना पाला संपलाय म्हणालीस ना? जाताना घेऊन जाऊ."

चाचीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिले. ओठ वाचणाऱ्या माणसाला चेहराही वाचता येतो. तिने पदर डोक्यावर नीट घेतला आणि टायगरला म्हणाली, "चल."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी अजून भिंतीवर आहे. हल्ली लोक माझ्या चित्रांपेक्षा माझ्या समासातले आकडे वाचतात आणि बाईही कोणी 'चांगला कुत्रा कोणता?' असे विचारले की आधी वही उघडतात आणि विचारतात, "घरी कोण कोण आहे? दिवसभर काय चालतं?" तुम्हाला कुत्रा पाळायचा असेल तर माझ्यासारखे तक्ते जरूर बघा. पण चित्रावर बोट ठेवण्याआधी आपल्या घरात एक दिवस शांत बसा. कोण झोपते, कोण जागते, कोणाला काय चालत नाही, कोणाला काय कमी पडते, ते लिहून काढा. मग त्या कुत्र्याला प्रत्यक्ष जाऊन भेटा. त्याच्या जातीला नाही, त्यालाच. एवढे सगळे करूनही कधी चूक होईल. झाली तर त्याला रस्त्यावर सोडू नका. त्याचा जो गुण तुम्हाला नको झाला आहे, तोच कोणाला तरी हवा असेल. तो माणूस सापडेपर्यंत त्याला वेळेवर खायला द्या, कोरड्या जागी झोपवा आणि तो तुमच्याकडे बघेल तेव्हा एकदा तरी वळून बघा.